एका स्टेशनापुरते गाव

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो. किल्ला नसला तर निदान एखादी गंजलेली तोफ तरी हवी. जिथे लढाई झाली नाही, तह झाला नाही, कोणी कोणाला दग्याने धरले नाही, अशा गावाला इतिहास असतो हे मानायला आपण तयारच नसतो. "आमच्या गावात महाराज एक रात्र मुक्कामाला होते," एवढं तरी गावकऱ्याला सांगता आलं पाहिजे. ज्याला तेही सांगता येत नाही, ते गाव बिचारे खाली मान घालून नुसते नांदत असते.

मला अशा खाली मान घातलेल्या गावांचे फार आकर्षण आहे. रेल्वेचे वेळापत्रक हाती आले की लोक आपली गाडी शोधतात. मी ज्या स्टेशनापुढे सगळ्या रकान्यांत नुसत्या उभ्या रेघा आहेत ते स्टेशन शोधतो. तिथे कोण उतरत असेल? तिथला स्टेशनमास्तर दिवसभर काय करत असेल? हा छंद वाढत वाढत एकदा अमेरिकेच्या नकाशापर्यंत गेला आणि तिथल्या मिडवेस्ट नावाच्या प्रदेशात जाऊन रुतला. मिडवेस्ट म्हणजे 'मध्य-पश्चिम'. पण ओहायोपासून नेब्रास्कापर्यंत पसरलेला हा मुलूख धड मध्यातही नाही आणि धड पश्चिमेलाही नाही. जमीन पोळपाटासारखी सपाट. त्यावर रेल्वेची काळी रेघ, आणि त्या रेघेवर ठरावीक अंतराने बसलेले ठिपके. जणू मुंग्यांची रांग साखरेकडे निघाली आहे. प्रत्येक मुंगीला मात्र स्वतःचे नाव, स्वतःचे पोस्ट आणि स्वतःची नगरपालिका!

आता आपल्याकडचा प्रकार आठवा. आपले गाव हजार वर्षे आपल्या नदीकाठी बसलेले असते. रेल्वे येते ती दोन-तीन कोसांवरून, अंग चोरून. मग स्टेशनाला नाव देतात 'अमुक रोड'. नाशिक रोड, वसई रोड, सावंतवाडी रोड. 'रोड' या शब्दाचा अर्थ एवढाच, की गाव अजून आलेलं नाही, इथून पुढे टांगा करा. आपल्याकडे गाव आधी आणि स्टेशन मागाहून. मिडवेस्टात नेमके उलटे. तिथे स्टेशन आधी, गाव मागाहून, आणि माणसे सर्वांत शेवटी.

आमच्या शेजारी एक निवृत्त स्टेशनमास्तर राहतात. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बरोबरच आहे. प्लॅटफॉर्म बांधल्याशिवाय पॅसेंजर कशाला येईल?" मास्तरांची सगळी तत्त्वचिंतने प्लॅटफॉर्मच्या या टोकाला सुरू होऊन त्या टोकाला संपतात.

गाव तयार करण्याचा हा कारखाना सुरू झाला तो इलिनॉय संस्थानात. १८५० मध्ये अमेरिकन सरकारने रेल्वेला उत्तेजन म्हणून जमिनी वाटायला काढल्या, आणि इलिनॉय सेंट्रल नावाच्या कंपनीच्या पदरात सुमारे २६ लाख एकर पडले. १८५६ मध्ये तिचा ७०५ मैलांचा रस्ता पुरा झाला, तेव्हा तो जगातला सर्वांत लांब लोहमार्ग म्हणून मिरवत होता. आता एवढी जमीन आहे म्हटल्यावर तिथे गावे वसवून चढ्या भावाने प्लॉट विकावेत असे कोणाच्याही मनात येईल. पण कायद्याने कंपनीला गावे आखायची बंदी होती. कायदा म्हटला की आपल्याला वाटतं, पळवाट ही आपलीच परंपरा. तसं नाही. कंपनीने गावे आखलीच नाहीत. कंपनीच्या काही संचालकांनी घरी गेल्यावर, कोट काढून, खाजगी नात्याने आखली! कंपनी कायद्याला धरून राहिली आणि संचालक प्लॉटांना.

आणि गाव आखायला डोके तरी किती वेळा चालवायचे? त्यांनी एकच नकाशा केला आणि तोच तीसेक ठिकाणी वापरला. एका दिशेच्या रस्त्यांना झाडांची नावे, म्हणजे अक्रोड, ओक, चेस्टनट, आणि दुसऱ्या दिशेच्या रस्त्यांना नुसते आकडे. माळरानावर औषधाला झाड नव्हते, पण पत्ता 'अक्रोड रस्ता'. रात्री झोपेत चुकीच्या स्टेशनावर उतरलेला माणूस सवयीने डावीकडे वळून, तिसरा रस्ता धरून, परक्याच्या घरात जाऊन जेवून झोपला असता तरी त्याला सकाळपर्यंत पत्ता लागला नसता. "हल्ली आमच्या कॉलनीतसुद्धा तसंच आहे," आमची ही म्हणाली. ते का म्हणाली हे मी विचारले नाही.

याच इलिनॉयमध्ये १८५३ साली दुसऱ्या एका रेल्वेमार्गावर गाव आखायचे ठरले. कागदपत्रे करायला एक उंच, किडकिडीत वकील होता. मालकांनी गावाला त्याचेच नाव द्यायचे ठरवले. तो म्हणाला म्हणतात, की बाबांनो, या नावाची कुठलीच गोष्ट आजवर फारशी ऊर्जितावस्थेला आलेली मला ठाऊक नाही. तरी नाव पडले. बारशाला गंगाजल कुठले? त्या वकिलाने स्टेशनापाशी कलिंगड फोडून त्याचा रस जमिनीवर शिंपडला अशी हकीकत आहे. गावाचे नाव लिंकन. वकिलाचे नावही तेच. पुढे वकील देशाचा अध्यक्ष झाला. तो अध्यक्ष होण्याआधी त्याच्या नावाने गाव वसवणाऱ्यांची दूरदृष्टी म्हणायची, की वकिलाची फी वाचवण्याची युक्ती म्हणायची, हा प्रश्न संशोधकांनी सोडवावा.

पण नावांच्या बाबतीत खरी मजा केली ती नेब्रास्कात. तिथे बर्लिंग्टन कंपनीला चोवीस लाख एकरांच्या घरात जमीन मिळाली होती. १८७१ च्या सुमारास रूळ पश्चिमेकडे धावू लागले. दर सहा-आठ मैलांवर स्टेशन, आणि प्रत्येकाला नाव पाहिजे. आपल्याकडे असे काम निघाले असते तर समिती नेमली गेली असती, दोन सभात्याग झाले असते आणि प्रकरण नामांतरापर्यंत गेले असते. बर्लिंग्टनने सरळ बाराखडी काढली. क्रीट, डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमॉन्ट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलंड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल. सी, डी, ई, एफ, जी, एच, आय, जे, के, एल! पट्टीवर अक्षरे लिहून तीच पट्टी माळरानावर टाकावी तशी गावे. प्रवाशाला केवढी सोय! गार्ड ओरडला नाही तरी चालेल. एफ गेला, आता जी, आणि पुढच्याला उतरायचं.

मात्र माणूस हा प्राणी बाराखडीत बसत नाही. ग्राफ्टन आणि हार्वर्ड यांच्यामध्ये सटन नावाचे गाव आहे. म्हणजे जी आणि एच यांच्यामध्ये एकाएकी एस. कारण सटनची माणसे रूळ येण्याआधीच तिथे येऊन बसली होती आणि आपले नाव सोडायला तयार नव्हती. पुढे इनलंड आणि जुनियाटा यांच्यामध्ये, दुसऱ्या एका रेल्वेने बर्लिंग्टनचा मार्ग जिथे ओलांडला तिथे, १८७२ मध्ये हेस्टिंग्ज उपटले. (आपला वॉरन नव्हे, हा त्या दुसऱ्या रेल्वेचा माणूस.) वर्णमालेत न बसलेल्या या उपटसुंभाने काही वर्षांतच जुनियाटाकडून जिल्ह्याची कचेरी काढून घेतली. कंपनीच्या पट्टीवरचे 'जे' मागे राहिले आणि पट्टीबाहेरचे गाव शहर झाले. शाळेत कधीही रांगेत उभी न राहिलेली मुलेच पुढे मोठ्या हुद्द्यावर जातात, त्यातलाच प्रकार.

हार्वर्ड हे नाव वाचून कोणाची मान आदराने झुकली असेल तर ती सरळ करावी. हे विद्यापीठ नव्हे. या हार्वर्डची कीर्ती वेगळ्याच कारणाने झाली. १९४३ मध्ये कर थकलेल्या मिळकतींच्या यादीत कारकुनी घोटाळ्याने गावचा तुरुंगच विक्रीला लागला, आणि एका सोळा वर्षांच्या पोराने तो दीड डॉलरला विकत घेतला. कागदपत्रे पक्की. आता गावात कोणाला अटक करायची तर आधी या पोराची परवानगी काढायला हवी! महायुद्धाचे दिवस होते. शेवटी युद्धकर्जाच्या रोख्यांसाठी तुरुंगाचा लिलाव झाला आणि तो घेतला चार्ली मॅकार्थीने. हा चार्ली म्हणजे रेडिओवर गाजलेल्या एका बोलक्या बाहुल्याकाराचा लाकडी बाहुला. तुरुंगाचा मालक लाकडी असावा ही कल्पना तितकीशी परकी वाटत नाही.

पण इतकी गावे इतक्या जवळ जवळ कशाला? हा प्रश्न मी मास्तरांना विचारला आणि त्यांचा चेहरा खुलला. "इंजिनाची तहान!" ते म्हणाले. वाफेचे इंजिन हे दुभत्या म्हशीसारखे. सारखे पाणी पाजावे लागते. दहा-वीस मैल गेले की घसा कोरडा. म्हणून टाकी हवी, टाकीवर माणूस हवा, रूळ बघायला गँग हवी, गँगला राहायला घर हवे. हे झाले इंजिनाचे. दुसरी गोष्ट घोड्याची. शेतकऱ्याने पहाटे गहू-मका गाडीत भरावा, स्टेशनाला नेऊन ओतावा आणि दिवे लागायच्या आत घरी यावे, एवढ्याच टप्प्यात स्टेशन पाहिजे. म्हणजे इंजिनाचा घसा आणि घोड्याचे पाय या दोन मापांनी त्या मुलखाचा नकाशा ठरला. तत्त्वज्ञ, राजे आणि सेनापती यांना या कामी कोणी विचारले नाही.

गावाचा थाटही ठरलेला. रुळाला काटकोनात एक मुख्य रस्ता. तोंडाशी स्टेशन. त्यावर दोन दुकाने, बँक, लोहार, हॉटेल, एक देऊळ त्यांचे आणि दुसरे त्यांच्याशी न पटणाऱ्यांचे. आणि रुळाकाठी 'एलिव्हेटर'. हे नाव ऐकून मी आधी लिफ्टच समजत होतो आणि एकमजली गावात लिफ्ट कशाला, या विचारात पडलो होतो. एलिव्हेटर म्हणजे धान्याचे उंचच उंच कोठार. धान्य यंत्राने वर चढवतात आणि खाली डब्यात सोडतात. त्या सपाट मुलखात दहा मैलांवरून दिसणारी वस्तू एकच, ती म्हणजे हे कोठार. आपल्याकडे लांबून कळस दिसला की गाव आले असे समजतो. तिथे कोठार दिसले की. तेही एका अर्थी बरोबरच. कळसाखाली देव असतो आणि कोठारात वर्षभराची भाकरी.

हे सगळे वाचताना एक गोष्ट मात्र घशाशी अडकते. कंपनीच्या जाहिरातींत ही जमीन 'मोकळी' होती. ती मोकळी नव्हती, मोकळी करण्यात आली होती. प्लॅट नदीच्या आसपासचे पॉनी लोक १८७० नंतरच्या काही वर्षांत दक्षिणेला हलवले गेले. नायोब्रारा नदीकाठच्या पोन्का लोकांना १८७७ मध्ये सैन्याच्या बंदोबस्तात बाहेर काढले. त्यांचा पुढारी स्टँडिंग बेअर मेलेल्या मुलाच्या अस्थी आपल्या भूमीत पुरायला परत आला, तेव्हा त्याला पकडले. १८७९ मध्ये ओमाहाच्या कोर्टापुढे प्रश्न होता, की कायद्याच्या दृष्टीने हा माणूस 'माणूस' आहे की नाही? न्यायाधीशांनी निकाल दिला, आहे. ज्या मुलखात पाण्याच्या टाकीला नाव आणि नकाशात जागा मिळत होती, तिथे माणसाला माणूस ठरायला कोर्टात जावे लागले. विनोदी लेखकाने अशा ठिकाणी टोपी काढून गप्प राहावे.

रिकामी केलेली जमीन भरायला मग युरोपात जाहिराती गेल्या. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन. रशियात राहणारे जर्मनसुद्धा उठून सटनला आले. लोकांची शंका एकच : पाऊस पडतो का हो? त्यावर नेब्रास्कातल्या विद्वानांनी १८८० च्या सुमारास एक सिद्धान्तच मांडला, की पाऊस नांगरामागून येतो. तुम्ही जमीन नांगरा, ढग आपोआप येतील. काही वर्षे योगायोगाने पाऊस बरा झाला आणि सिद्धान्ताला मान्यता मिळाली. १८९० नंतर अवर्षण आले तेव्हा नांगर शेतातच होते. ढगांनी तेवढा ग्रंथ वाचलेला नव्हता. शेतकऱ्याला पावसाचे आश्वासन देणारे विद्वान सगळीकडे कोरड्या खोलीतच का बसलेले असतात कोण जाणे.

तरीही माणसे टिकली, आणि त्यांच्या टिकण्याचे केंद्र होते स्टेशन. तिथला तारमास्तर म्हणजे गावाचा कान. 'कडकट्ट' वाजले की कोणाचा मुलगा येतोय, मक्याचा भाव किती पडला, कोण वारले, हे त्याला आधी कळे. वेळही तोच सांगे. १८८३ पर्यंत प्रत्येक गावाचा सूर्य स्वतंत्र होता. डोक्यावर आला की बारा. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला, रविवारी, रेल्वे कंपन्यांनी आपापसांत ठरवून देशाचे वेळेचे पट्टे पाडले. कित्येक गावांत त्या दिवशी दोनदा बारा वाजले. एकदा सूर्याचे, एकदा रेल्वेचे. सरकारने त्याला कायद्याचे रूप दिले ते १९१८ मध्ये. पस्तीस वर्षे सारा देश कायद्याविना रेल्वेच्या घड्याळावर जेवत होता! मुंबईकरांनी याला हसू नये. हिंदुस्थानची प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ १९५५ पर्यंत उराशी धरली होती.

आता वेळ एक झाली म्हटल्यावर घड्याळे हवीत. १८८६ मध्ये मिनेसोटातल्या नॉर्थ रेडवुड नावाच्या बारक्या स्टेशनावर घड्याळांची एक पेटी आली. गावच्या सराफाने ती घेतली नाही. तिथला तरुण स्टेशन एजंट होता रिचर्ड सिअर्स. त्याने पेटी परत न पाठवता ती घड्याळे लाइनीवरच्या इतर स्टेशन एजंटांना विकली. नफा इतका झाला की त्याने नोकरी सोडली, पुढे रोबक नावाचा घड्याळजी जोडीला घेतला, आणि त्यातून सिअर्स-रोबक ही जगप्रसिद्ध कंपनी उभी राहिली. तिच्या जाडजूड कॅटलॉगात बघून शेतकरी परकर, पियानो, पंप काहीही मागवू लागला. १९०८ पासून तर अख्खे घर! खांब, फळ्या, खिळे, रंग सगळे मालडब्यातून येई, सोबत पुस्तक. हे ऐकून मास्तर बराच वेळ स्तब्ध होते. "आमच्या स्टेशनावर पण एकदा पेटी आली होती, कोणी सोडवली नाही," ते म्हणाले. "काय होतं आत?" "सुके बोंबील." प्रत्येकाच्या नशिबात रोबक नसतो.

एवढ्याशा गावाची मजल केवढी जाऊ शकते, हे दिसले दुसऱ्या महायुद्धात. नेब्रास्कात नॉर्थ प्लॅट नावाचे बारा हजार वस्तीचे रेल्वेचे गाव. पर्ल हार्बरनंतर दहा दिवसांनी, १७ डिसेंबर १९४१ रोजी, बातमी आली की आपल्याच नेब्रास्काच्या पलटणीची डी कंपनी गाडीने जाणार. पाचशेएक माणसे खाऊ, फळे, सिगारेटी घेऊन स्टेशनावर जमली. गाडी आली. डब्यात डी कंपनीच होती, पण शेजारच्या कॅन्सस संस्थानची! आपली पोरे नव्हेतच. क्षणभर सगळे थबकले. लाडवांचा डबा आपल्या बाळ्यासाठी न्यावा आणि खिडकीत भलत्याचाच बाळ्या दिसावा, तशी गत. मग कोणीतरी डबा पुढे केला. पाठोपाठ सगळ्यांनी केला. कोणाचीतरी पोरे आहेत ना, मग झालं.

त्या नाताळच्या दिवसापासून १ एप्रिल १९४६ पर्यंत, त्या स्टेशनात थांबणाऱ्या प्रत्येक सैनिकी गाडीला कॉफी, सँडविच आणि केक मिळाला. गाडी पाणी घ्यायला थांबायची दहा-पंधरा मिनिटे. इंजिन पाणी पिई तोवर पोरे खाऊन घेत. आजूबाजूच्या सव्वाशे खेड्यांनी वार वाटून घेतले. साखरेचे रेशन होते, तर बायकांनी घरची साखर वाचवून केक भाजले. एका लहानग्याने गुरांच्या बाजारात अंगातला शर्ट काढून लिलावाला लावला आणि पैसे आणून दिले, आणि पुन्हा पुन्हा तेच केले. सुमारे साठ लाख सैनिक त्या फलाटावरून गेले. ज्यांची नावे सैनिकांच्या कधी लक्षात राहणार नव्हती अशा गावांतल्या आयाबायांनी, ज्यांची नावे त्यांना कधी कळणार नव्हती अशा पोरांना खाऊ घातले. लढाईच्या इतिहासात याला रणांगण म्हणत नाहीत. न म्हणोत. ते स्टेशन १९७३ मध्ये पाडले.

१९४८ मध्ये बारक्या स्टेशनांना आणखी एकदा प्रतिष्ठा मिळाली. अध्यक्ष ट्रूमन निवडणुकीसाठी गाडीने फिरत होते आणि डब्यामागच्या सज्जातून भाषणे करत होते. सिनेटर टाफ्ट यांनी हिणवले, की हे गृहस्थ नुसत्या शिट्टीपुरत्या थांब्यांवर हिंडत काँग्रेसची निंदा करताहेत. झाले! शिट्टीपुरती का होईना, मते असतात. वर्तमानपत्रांनी ट्रूमनना आधीच पाडून टाकले होते. ते निवडून आले. आपल्या पराभवाची बातमी छापलेला शिकागोचा अंक हसत हसत उंचावलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तेही काढले गेले सेंट लुइसच्या स्टेशनात, गाडीच्या त्याच मागच्या सज्जात.

पण तोवर मागच्या बाजूने दुसरी गाडी सुटली होती. डिझेलचे इंजिन आले आणि त्याला तहानच लागेना. घोडा गेला, ट्रक आला. ट्रकला दहा मैल काय आणि चाळीस काय! म्हणजे ज्या दोन मापांनी गावे आखली, ती दोन्ही मापे मोडली. इंजिनाची तहान भागली आणि गावांचा घसा कोरडा पडला. गाड्या थांबेनात, मग एजंट गेला, मग टपालाचा डबा बंद झाला, मग शाळा शेजारच्या गावच्या शाळेत मिसळली. शेवटी रूळही उपटले. गावाच्या अंगावरची रेघ पुसली आणि ठिपका तेवढा उरला.

अशाच एका ठिपक्याचे नाव मोनोवी. नेब्रास्काच्या उत्तर टोकाला, पोन्कांच्या त्या नायोब्रारा नदीच्या मुलखात. १९०२ मध्ये फ्रीमाँट, एल्कहॉर्न अँड मिझुरी व्हॅली या गावापेक्षा लांब नावाच्या रेल्वेचा फाटा तिथवर आला, आणि त्याच वर्षी गाव आखले, पोस्टही उघडले. नाव म्हणे एका रानफुलाचे. १९३० च्या दशकात भरभराट झाली. भरभराट म्हणजे दीडशे माणसे! मग ओहोटी. पोस्ट १९६७ मध्ये बंद, शाळा १९७४ मध्ये. २००० च्या जनगणनेत उरली दोन माणसे : रूडी आयलर आणि त्यांच्या पत्नी एल्सी. २००४ मध्ये रूडी गेले. २०१० च्या जनगणनेत मोनोवीची लोकसंख्या भरली एक.

आता एका माणसाचे गाव म्हणजे काय असते? आपण म्हणू, त्याला गाव कशाला म्हणायचं, घर म्हणा. पण एल्सीबाईंना ते मान्य नव्हते. त्या महापौर होत्या. त्याच कारकून, त्याच खजिनदार. गावात गुत्ता एकच, तोही त्यांचाच. त्याच्या परवान्यासाठी अर्ज त्या करत आणि महापौर या नात्याने मंजूरही त्याच करत. अर्ज कधी त्रुटींसाठी परत पाठवला की काय, याची नोंद नाही. दर वर्षी त्या स्वतःवर कर बसवत, स्वतःकडून वसूल करत, आणि त्या पैशांतून रस्त्यावरचे चार दिवे जळत. रस्त्यांसाठी सरकारी मदत हवी म्हणून गावच्या रस्त्यांचा आराखडाही सादर करत. गुत्त्यावर पाटी होती, की गावातली सर्वांत थंड बिअर इथे मिळेल. जाहिरातीच्या इतिहासात इतके सत्य विधान दुसरे सापडणे कठीण.

आणि ग्रंथालय. रूडींनी जन्मभर पुस्तके जमवली होती. पाच हजारांच्या आसपास. ती गावासाठी खुली करावीत अशी त्यांची इच्छा. ते गेल्यावर बाईंनी गुत्त्याशेजारच्या खोपटात 'रूडीज लायब्ररी' उघडली. आसपासच्या मैलोन् मैल पसरलेल्या शेतांवरून लोक यायचे, जेवायचे, पत्ते खेळायचे, पुस्तक न्यायचे. एका लोकवस्तीच्या गावात पाच हजार पुस्तके! दरडोई ग्रंथसंख्येत जगातली कुठलीही राजधानी मोनोवीच्या जवळपास येणार नाही. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दरडोई किती पुस्तके पडतात हे मी काढले नाही. एखाद्या पुस्तकाची फाटलेली पाठ आपल्या वाट्याला यायची.

पुढे २०२० ची जनगणना आली आणि आकडा आला दोन. दहा वर्षांत लोकसंख्या दुप्पट! पत्रकार धावले. बाईंनी सांगितले, की असे कोणी आलेले त्यांना तरी ठाऊक नाही. खुलासा असा निघाला की, कोणा एकाची खाजगी माहिती उघड होऊ नये म्हणून जनगणना खाते लहान लहान आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करते. एका माणसाच्या गावात त्या एका माणसाला ओळखू येऊ नये, म्हणून सरकारने शेजारी एक काल्पनिक माणूस राहायला पाठवला. पोन्कांना हलवताना जे सरकार एवढे हळवे नव्हते, ते आता एका म्हातारीच्या एकान्ताची काळजी घेत होते. चला, सुधारणा आहे.

मास्तरांना हे सगळे सांगून झाल्यावर मी म्हटलं, "पण मास्तर, रूळ नाहीत, टाकी नाही, गाडी नाही, माणसं नाहीत. मग हे गाव कशावर उभं म्हणायचं?"

मास्तरांनी नेहमीप्रमाणे थोडा वेळ घेतला. "सिग्नलचा दिवा," ते म्हणाले. "शेवटची गाडी गेल्यावरसुद्धा तो लावून ठेवायचा असतो. गाडीसाठी नव्हे. इथे स्टेशन आहे, एवढं कळावं म्हणून."

कंपनीने मोनोवीची आखणी केली तेव्हा रस्ते मोजले, प्लॉट मोजले, टप्पा मोजला. रोज संध्याकाळी दिवे कोण लावणार, हे मात्र त्या नकाशात कुठेच नव्हते. ते काम पुढे गावातल्या माणसांनी आपल्याकडे घेतले. सगळी गेल्यावर जी एक उरली तिने घेतले, आणि चार दिव्यांचे बिल स्वतःच्या नावाने स्वतःलाच पाठवून वेळच्या वेळी भरलेही.